मिठाला जागलेली माणसं

चिमूटभर मिठानं भाजीला चव येते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण मिठावर एखाद्या राज्याचा खजिना चालावा? पोलंडमध्ये तसं घडलं. क्राकूव शहराजवळ व्येलिचका इथं तेराव्या शतकापासून खाणीतून मीठ काढलं जाई. चौदाव्या शतकात तिथल्या राजाच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग मिठाचाच होता.

ती खाण पाहायला मी गेलो, तेव्हा प्रथम साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या उतरलो. मग बोगद्यांतून आणखी खाली, जमिनीपासून १०१ मीटरवर, संत किंगा यांचं चर्च आलं. ५४ मीटर लांबीचं दालन! पायाखालची फरशी म्हणजे सलग मीठच, त्यावर फरशांच्या रेषा कोरलेल्या. वेदी मिठाची, मूर्ती मिठाच्या, झुंबरांचे लोलकही मिठाचेच. हे मीठ पांढरंशुभ्र नव्हे, करडं. पाहणाऱ्याला दगडच वाटावा.

हे घडवलं खाणकामगारांनीच. युझेफ मार्कोव्स्कीनं १८९६ मध्ये सुरुवात केली. पुढे त्याचा भाऊ तोमाश आणि नंतर आंतोनी विरोदेक यांनी १९६३ पर्यंत काम चालवलं. विरोदेकनं भिंतीवर कोरलेलं येशूचं अखेरचं भोजन मी बराच वेळ पाहत राहिलो. कोरीवकाम फारसं खोल नाही, पण खोली आत दूरवर गेल्यासारखी भासते.

कामगारांना इथं प्रार्थनास्थळ का हवं होतं? छत कोसळणं, पाणी घुसणं, वायूचा भडका उडणं, यांतलं काहीही कधीही घडू शकत होतं. वर परत येण्याची खात्री नसलेल्या माणसानं देवाला खालीच बोलावलं.

पण मिठाचा शत्रू ओलावा. वरच्या मजल्यावर सतराव्या शतकातलं संत अँथनी यांचं छोटं चर्च आहे. तिथल्या मूर्तींचे नाक-डोळे विरघळून गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांनी हवा आत खेळवली जाऊ लागली आणि तिच्याबरोबर दमटपणाही आला. कामगारांना जगवणारी हवाच त्यांच्या देवांना झिजवू लागली! १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत आलेली ही खाण १९८९ मध्ये धोक्यातल्या वारशांत गेली. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसल्यावर, १९९८ मध्ये, ती त्या यादीतून बाहेर आली.

व्यापारी उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. प्रार्थना मात्र आजही होते. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. व्येलिचकाच्या कामगारांनी ते मिठातच कोरून ठेवलं. ते जपायचं काम आता पुढच्यांचं आहे.