गडवा, संत्रे आणि चंद्र

अमरावती-अकोल्याकडील शाळांतून इलेमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना मुले बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्याचे उघड कारण. पहिल्या परीक्षेत वस्तुचित्र असते, दुसरीत स्थिरचित्र. या कागदांचा विज्ञानाच्या तासाशी काही संबंध असेल असे आपण सहसा मानत नाही.

स्थिर वस्तू रंगवण्याची हौस जुनीच. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये पीचची फळे आणि पाणी भरलेले काचेचे भांडे भिंतीवर रंगवलेले सापडले. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ही स्वतंत्र कला झाली. तरी फ्रान्समध्ये फेलिबियाँने १६६७ साली तिला चित्रकलेच्या उतरंडीत तळाशी बसवले.

आपल्या शाळांत ती आली कारागिरीच्या वाटेने. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. कारागिरांचा डोळा व हात तयार व्हावा, हा हेतू. शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची : आधी रेषांची नक्कल, मग घन, शंकू, दंडगोल समोर ठेवून रेखाटन. आपले वस्तुचित्र याच घराण्यातले.

आता मुलाला टेबलावरचा गडवा काढायला सांगा. तोंड बहुधा पूर्ण गोल येते आणि बूड सरळ रेघ. तोंड गोल असते, बूड सपाट टेकलेले असते, हे त्याला ठाऊक आहे. तो ठाऊक असलेले काढतो. प्रत्यक्षात दोन्ही लंबवर्तुळे दिसतात, आणि बूड नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने तिथले अधिक फुगीर. सूक्ष्मदर्शकात न डोकावता पुस्तकातली पेशी वहीत उतरवणारा विद्यार्थी हेच करतो. आम्ही स्वतःही ते केले आहे.

१६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून पाहून चंद्र काढला. उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी आली, पण तिथे डोंगर आहेत हे त्याच्या ध्यानी आले नाही. वर्षअखेरीस गॅलिलिओने मात्र सावल्यांवरून डोंगर ओळखले. त्याला चित्रकलेचे चांगले अंग होते. फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने १६१३ मध्ये त्याला सभासद करून घेतले.

स्थिरचित्रासाठी प्लॅस्टिकची सफरचंदे मांडण्याची रीत कुठून पडली कोण जाणे! वरुड-मोर्शीचे संत्रे घ्यावे. एकाच खिडकीच्या उजेडात ठेवले, की भर उजेडात सालीवरचे खळगे जेमतेम दिसतात, अंधाऱ्या बाजूला मुळीच नाही; सीमेपाशी मात्र एकेक मोजून घ्यावा इतका स्पष्ट.