विद्यार्थ्यांच्या वह्या आणि एक सरोवर

विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पैसे द्यायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याचा उपयोग काय?" त्यातून विषय तळ्यातले सूक्ष्मजीव मोजण्याचा असला, तर बोलायलाच नको. या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवराची हकीकत सांगणार आहोत.

सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे हे गोड्या पाण्याचे सरोवर. १९३३ मध्ये व्हिक्टर शेफर हा विद्यार्थी आणि रेक्स रॉबिन्सन हे रसायनतज्ज्ञ यांनी त्याच्या पाण्याची व त्यातील जिवांची पद्धतशीर पाहणी केली. १९५० मध्ये कोमिटा आणि अँडरसन या दोन विद्यार्थ्यांनी पुन्हा नमुने घेतले. एकाचा रोख सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर, तर दुसऱ्याचा शैवालांवर होता. सरोवराचे जीवन समजून घ्यावे, एवढाच उद्देश.

या दोघांचे शिक्षक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शाळेत असतानाच त्यांना येल विद्यापीठातील प्राध्यापक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली होती. हचिन्सन १९३२ मध्ये एका मोहिमेबरोबर लडाखच्या सरोवरांवर जाऊन आले. त्या मोहिमेत मिळालेल्या रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांवरचा अहवाल १९३४ मध्ये दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. तेव्हा एडमंडसन होते अवघे अठरा वर्षांचे!

आता सरोवराकडे वळू. १९४१ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत त्याच्या काठाने दहा मलशुद्धी केंद्रे उभी राहिली. त्यांतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध केलेले असे, मग बिघडले काय? बिघडले असे, की त्या प्रक्रियेत घाण कुजून नाहीशी होई, पण फॉस्फरस पाण्यातच राही. शेतात खत घातल्यावर पीक माजते, तसे फॉस्फरसने शैवाल माजते. १९५५ मध्ये ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शैवाल सरोवरात दिसले. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवर बिघडू लागले, तेव्हा तेथेही हेच शैवाल आले होते. एडमंडसन यांना धोक्याची खूण पटली.

पण नागरिकांची खात्री कशी पटवायची? सरोवर बदलले आहे असे म्हणायचे, तर ते आधी कसे होते हे ठाऊक हवे. येथे १९३३ व १९५० च्या वह्या उपयोगी पडल्या. त्यांच्याशी नवी मोजमापे ताडून पाहता आली. सांडपाण्याच्या प्रश्नात लक्ष घातलेल्या जेम्स एलिस या वकिलाला एडमंडसन यांनी ही शास्त्रीय बाजू समजावून दिली. मार्च १९५८ मध्ये मतदारांनी योजना फेटाळली, पण सप्टेंबरमध्ये सुधारित योजना मंजूर केली. सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून सांडपाणी सरोवरापासून दूर, प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीकडे वळवण्यात आले. हे काम १९६३ मध्ये सुरू होऊन १९६८ मध्ये पूर्ण झाले.

दरम्यान, १९५८ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेचे अनुदान मिळू लागल्याने मोजमापे खंड न पडता चालू राहिली. त्यांतून एक मोठा वाद मिटण्यास मदत झाली. शैवाल नेमके कशामुळे वाढते, फॉस्फरस, नायट्रोजन की कार्बन? १९६९ पर्यंत सरोवरातील हिवाळ्यातील फॉस्फेट १९६३ च्या तुलनेत २८ टक्क्यांवर उतरले, नायट्रेट मात्र ८० टक्क्यांच्या आसपासच राहिले. कार्बन डायऑक्साइडही भरपूर होता. उन्हाळ्यातील शैवाल मात्र फॉस्फेटबरोबरच घटले. एवढे मोठे सरोवर प्रयोगशाळेतील चंचुपात्रासारखे उपयोगी पडले!

पुढे १९७६ पासून शैवाल खाणारी डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, तेथे वाढली आणि पाणी अपेक्षेपेक्षाही नितळ झाले. हेसुद्धा नोंदी चालू होत्या म्हणूनच कळले.

तळ्याच्या मोजमापांचा हिशेब असा उलटा असतो. ज्या वर्षी पैसे खर्च होतात, त्या वर्षी हाती फक्त आकडे येतात. त्यांची किंमत संकट आल्यावर कळते, आणि तेव्हा कितीही कोटी मोजले तरी मागच्या वर्षाचे पाणी मोजता येत नाही.

आपल्या गावच्या तळ्याचे पाणी दहा वर्षांपूर्वी किती नितळ होते, हे कोणी सांगू शकेल का? वीस सेंटीमीटर व्यासाची पांढरी तबकडी मोजपट्टी लावलेल्या दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची. दर महिन्याला, त्याच जागी, दुपारच्या सुमारास, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. या उपक्रमाला फारसा खर्च येत नाही. मात्र वर्ग पुढे गेला तरी वही शाळेतच राहिली पाहिजे, आणि पुढच्या वर्गाने ती पुढे चालू ठेवली पाहिजे.