१२ जानेवारी १९६८ : फोर्टातील एक ध्वनिमुद्रण

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या उपासकांनी आपल्या आराध्यांच्या तिथ्या मोठ्या निष्ठेने जपल्या आहेत. लिव्हरपूलच्या बीटल्स या चौकडीने अमेरिकेतील एड सुलिव्हनच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात प्रथम हजेरी लावली ती ९ फेब्रुवारी १९६४ ची रात्र, लंडनच्या सॅव्हिल रो येथील आपल्या कचेरीच्या गच्चीवर ऐन थंडीत त्यांनी अखेरचे जाहीर वादन केले तो ३० जानेवारी १९६९ चा दिवस, आणि वूडस्टॉकचा महोत्सव सुरू झाला ती १५ ऑगस्ट १९६९ ही तारीख, ही सारी त्या पंचांगातील पर्वे होत. आणि ती दरवर्षी पाळली जातात. त्याच पंचांगात एक तारीख अशी आहे की जिचे स्थळ लंडन नव्हे, न्यूयॉर्क नव्हे, तर आपल्या मुंबईतील फोर्ट. आणि नेमकी तीच उत्सवाच्या यादीत क्वचित आढळते. १२ जानेवारी १९६८, शुक्रवार. महाराष्ट्राला हा दिवस जिजाऊंच्या जयंतीचा म्हणून परिचित आहे. त्या वर्षीच्या त्या दिवशी, संक्रांत तोंडावर आलेली असताना, फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतील हिज मास्टर्स व्हॉइसच्या स्टुडिओत, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन नावाच्या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणासमोर बसून काही हिंदी वादकांनी ‘द इनर लाइट’ या गीताची वाद्यसंगत मुद्रित केली. बीटल्सच्या नावे निघालेल्या गीतांपैकी युरोपाबाहेरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालेले गीत हे एवढे एकच.

या घटनेचे मूळ शोधू जाता तीन वर्षे मागे जावे लागते. १९६५ साली ‘हेल्प’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका भारतीय उपाहारगृहाचा प्रसंग होता, त्यासाठी आणलेल्या वादकांच्या हातांत हॅरिसनने प्रथम सतार पाहिली. पुढे लंडनमधील एका दुकानातून त्याने एक बेताची सतार खरेदी केली, आणि त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या ‘रबर सोल’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात ती वाजवली. ते वादन शिकाऊ हाताचे होते, हे कोणाही जाणत्याच्या कानाला कळते. परंतु इतरांप्रमाणे तेवढ्या नावीन्यावर तो थांबला नाही, हा त्याचा मोठेपणा. १९६६ च्या जूनमध्ये त्याची पंडित रविशंकरांशी भेट झाली आणि सप्टेंबरात तो पत्नीसह थेट मुंबईस येऊन ताजमहाल हॉटेलात टोपण नावाने मुक्कामास राहिला. नाव बदलल्याने चेहरा लपत नाही. हॉटेलातील एका नोकराने त्याला ओळखले, बाहेर तरुणांची गर्दी जमली, आणि अखेरीस वार्ताहरांना बोलावून आपण येथे गाण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी आलो आहोत, असे त्याला सांगावे लागले. त्यानंतर गुरू आणि शिष्य काश्मीरकडे रवाना झाले.

त्या आधीच्या एप्रिलची एक हकीकत मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. ११ एप्रिल १९६६ रोजी ‘लव्ह यू टू’ या गीतासाठी लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत तबलावादक हवा होता. एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे चालक अयन देव अंगडी यांनी अनिल भागवत यांना दूरध्वनी करून संध्याकाळ मोकळी आहे काय, असे विचारले. कोणा जॉर्जबरोबर वाजवायचे एवढेच त्यांना कळले होते. दाराशी रोल्स-रॉइस गाडी येऊन उभी राहिली तेव्हा कुठे हा जॉर्ज कोण, याचा उलगडा झाला. स्टुडिओबाहेर मुलींचा जमाव थर्मास, केक आणि सँडविचेस घेऊन बसलेला होता. आत हॅरिसनने त्यांच्याबरोबर तबला सुरात लावून घेतला, सोळा मात्रांचा ठेका सुचवला आणि पुढचे त्यांच्या उपजेवर सोपवले. ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर अनिल भागवत यांचे नाव छापले गेले. बाहेरच्या वादकाला असा मान देण्याची वहिवाट त्या काळी नव्हती. म्हणून त्या एका ओळीचे मोल मला फार वाटते. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ या जगद्विख्यात ध्वनिमुद्रिकेसाठी अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा वाजवला, नटवर सोनी यांनी तबला धरला. पण वेष्टनावर त्यांपैकी एकाचेही नाव आले नाही, आणि ती नावे धुंडाळून काढण्यास पुढे संशोधकांना वर्षानुवर्षे खपावे लागले.

१९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईस परतला तो जो मॅसॉट यांच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे काम घेऊन. हिज मास्टर्स व्हॉइसचा मुंबईतील स्टुडिओ तेव्हा एकमार्गी, म्हणजे मोनो यंत्रावर चाले. ही अडचण ओळखून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईस पोहोचते केले. ते अवजड यंत्र म्हणजे अॅबी रोडमध्ये बीटल्स ज्यावर पूर्वी काम करीत त्याच जातीचे होते, ही गोष्ट हॅरिसननेच पुढे सांगितली आहे. हेच मेनन काही वर्षांनी अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीचे सूत्रधार झाले आणि १९७३ साली पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ त्या देशात घरोघरी पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. तिरुवनंतपुरमच्या या गृहस्थाचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

स्टुडिओ कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता, आणि बाहेरचा आवाज रोखण्याचा बंदोबस्त त्यात नव्हता. साडेपाच वाजता कचेऱ्या सुटल्या की कारकुनांच्या पावलांचा धडधडाट जिन्यावरून असा उतरत येई की वादकांना वाद्ये खाली ठेवून स्वस्थ बसावे लागे. रस्त्यावरच्या टॅक्सींचे आवाजही फितीवर उमटले, आणि ते काही ठिकाणी आजही कान देऊन ऐकता येतात. मला स्वतःला हा दोष वाटत नाही. सनई आणि पखवाज यांच्या मागे फोर्टातील ती दुपार, ते कर्णे, ती माणसांची ये-जा अस्पष्टपणे उभी राहते, आणि एरवी स्थळकाळाच्या खुणा पुसून टाकणारी ध्वनिमुद्रणाची कला तेथे आपल्या शहराची खूण सांभाळून ठेवते.

वादक कोण होते? संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सनईवर शरद कुमार आणि हनुमान जाधव, तारशहनाईवर विनायक व्होरा, पेटी आणि तबलातरंग या दोहोंवर रिजराम देसाद, सतारीवर शंभू दास. यांतील चौरसिया १९६२ साली कटकच्या आकाशवाणीवरून मुंबईस आलेले. ते आणि शर्मा मैफली करीत असत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवून चरितार्थही चालवीत असत. ज्या दिवशी ही ध्वनिमुद्रणे आटोपली तो १३ जानेवारी, त्याच दिवशी शिवकुमारांना तीस वर्षे पूर्ण झाली. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीतच, भावगीतांचे आद्य गायक जी. एन. जोशी यांच्या पुढाकाराने, शर्मा, चौरसिया आणि गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा या त्रयीची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास सिद्ध झाली. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत किती तयारीची माणसे एका निरोपासरशी जमत, हे यावरून ध्यानी यावे. हॅरिसनच्या हाती लागले ते अनेक वर्षांच्या मेहनतीने घडलेले वादकमंडळ होते.

‘द इनर लाइट’चे शब्द चिनी तत्त्वज्ञ लाओ-त्झू यांच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथावरून घेतलेले आहेत. केम्ब्रिज येथे संस्कृत शिकवणारे आणि गीता व उपनिषदे इंग्रजीत आणणारे स्पॅनिश विद्वान हुआन मास्कारो यांनी आपल्या ग्रंथातील तो भाग हॅरिसनला पत्राने सुचवला होता. मुंबईत केवळ वाद्यसंगत झाली. गायन ६ फेब्रुवारीला लंडनमध्ये मुद्रित झाले, आणि दोन दिवसांनी त्याचे बीटल्समधील सहकारी लेनन व मॅकार्टनी यांनी शेवटच्या ओळींना आपले स्वर जोडले. १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस हे गीत प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या दोनगाणी तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि त्या दिवशी तो स्वतः हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होता. ‘वंडरवॉल म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका १ नोव्हेंबर १९६८ ला निघाली. एका बीटलने एकट्याच्या नावावर काढलेली ती पहिली ध्वनिमुद्रिका, आणि बीटल्सच्या अॅपल कंपनीचीही पहिलीच. तिच्या एकोणीस तुकड्यांपैकी ‘गुरुवंदना’, ‘गत किरवाणी’, ‘तबला अँड पखवाज’ ही नावे वाचली तरी तिचा अर्धा जीव कोठला हे समजते. तिच्या वेष्टनावर मात्र हिंदी वादकांची नावे हॅरिसनने छापवून घेतली.

हॅरिसनच्या हृषीकेशच्या वास्तव्याची छायाचित्रे जगभर गेली, त्यामुळे भारताने या संगीतास जे दिले ते गंगेच्या काठी दिले, अशी समजूत दृढ झाली आहे. माझ्या मते ती अपुरी आहे. हृषीकेशला गाणी रचली गेली, हे खरे. परंतु भारतीय वाद्यांचा प्रत्यक्ष नाद ‘द इनर लाइट’च्या तबकडीत शिरला तो फोर्टातल्या एका कचेरीच्या माथ्यावर, रोजगारीने वाजवणाऱ्या माणसांच्या हातांतून. आणि संबंध तेथेच तुटला नाही: १९७४ साली रविशंकरांच्या नेतृत्वाखाली हॅरिसनने युरोपात नेलेल्या भारतीय संगीताच्या मेळ्यात शर्मा, चौरसिया आणि रिजराम देसाद पुन्हा होते. हॅरिसनच्या निधनाला २९ नोव्हेंबर २००२ रोजी एक वर्ष झाले, तेव्हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्मृतिसभेत जेफ लिन यांनी ‘द इनर लाइट’ गायले आणि सतारीवर अनुष्का शंकर होत्या.

हॅरिसनने वादकांची नावे छापवून घेतली. आपल्या चित्रपटगीतांच्या जुन्या तबकड्यांवर मात्र गायकाचे आणि संगीतकाराचे नाव आढळते. सनई कोणी फुंकली, सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोमंतकीय संयोजकाने स्वरलिपी कोणासाठी लिहिली, याची नोंद तबकडीवर नसते. ती असेल तर वादकांच्या घरीच असेल, एखाद्या रोजनिशीत किंवा बिदागीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात. ज्या वाचकांच्या घरात असे वडीलधारे वादक होऊन गेले, त्यांना माझी विनंती आहे की ते कागद रद्दीत जाण्यापूर्वी तारीख, स्टुडिओ, वाद्य आणि नाव एवढे तरी त्यांनी एका वहीत उतरवून ठेवावे.