सूत्राचा साक्षीदार

महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त नीळभट भांडारेकार हा चक्रधरस्वामींचा एक शिष्य भेटतो. भंडाऱ्याचा, म्हणून भांडारेकार. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा गोंदियाकरांनीही या शिष्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

याच मुलखाशी सहाशे वर्षांनी आणखी एका धर्ममताचा संबंध आला. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरास आला. पुढे या मिशनचे काम भंडाऱ्यापर्यंत पोहोचले. गोंडांची गाणी टिपून ठेवणारा, दगडांतून पृथ्वीचा इतिहास वाचणारा हिस्लॉप आपल्या परिचयाचा आहे. नागपूरच्या कॉलेजाला त्याचे नाव आहे. पण त्याच्या 'फ्री चर्च'चा पाया होता तो १६४६ साली इंग्लंडात वेस्टमिन्स्टर येथे तयार झालेला श्रद्धेचा जाहीरनामा. कॅल्विनच्या मताला अनुसरणाऱ्या या मंडळींनी आपण काय मानतो हे तेहतीस प्रकरणांत नेमकेपणाने बांधून ठेवले.

अशा जाहीरनाम्याची एक अडचण असते. त्यातले प्रत्येक वाक्य म्हणजे एका वादाचा निकाल. पण वाद मात्र त्यात लिहिलेला नसतो. फिर्याद ठाऊक नसताना निकालपत्र वाचावे, तशी पुढच्या पिढीची स्थिती होते. शब्द कळतात, ते कोणाला उद्देशून लिहिले, ते कळत नाही. मग ज्याला जो अर्थ सोयीचा, तो त्यातून काढतो. येथेच आरंभीच्या टीकाकाराची किंमत लक्षात येते.

डेव्हिड डिक्सन हा एडिंबरोचा प्राध्यापक या जाहीरनाम्यावर विद्यार्थ्यांना लॅटिनमधून व्याख्याने देई. तो १६६३ च्या सुमारास वारला, आणि १६८४ साली ती इंग्रजीत छापली गेली. भाषांतरकार जॉर्ज सिंक्लेअर याने मूळ लेखकाचे नावच गाळले होते. ते श्रेय डिक्सनला मागाहून मिळाले. डिक्सनची रीत मोठी उपयोगाची आहे. प्रत्येक कलम घ्यायचे, त्याविरुद्ध कोण काय म्हणतो ते सांगायचे, आणि मग त्याचे खंडन करायचे. त्यामुळे निकालामागची फिर्याद आपल्या हाती लागते.

जर्मनीतल्या हायडेलबर्गची १५६३ सालची प्रश्नोत्तरी याहून भाग्यवान. तिच्या १२९ प्रश्नांच्या रचनेत झकारिआस उर्सिनुसचा मोठा हात होता, आणि पुढे तोच तिच्यावर व्याख्याने देत असे. १५८३ साली तो वारल्यावर शिष्यांनी आपल्या टिपणांवरून ती व्याख्याने ग्रंथरूपाने जतन केली. म्हणजे सूत्रकार आणि भाष्यकार जवळजवळ एकच!

तथापि, जुना टीकाकार म्हणजे प्रमाणच, असे मात्र समजू नये. देवाने आपली इच्छा प्रकट करण्याच्या पूर्वीच्या रीती आता संपल्या, असे वेस्टमिन्स्टरच्या पहिल्याच प्रकरणात म्हटले आहे. डिक्सनच्या ग्रंथात या कलमाच्या विरोधकांत क्वेकर पंथाचे नाव येते. पण तो पंथ नावारूपाला आला तोच मुळी जाहीरनामा लिहून झाल्यावर! टीकाकाराने आपल्या काळातले भांडणही जुन्या कलमात आणून बसवले. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. म्हणून कोणी साक्षीदाराला घालवून देत नाही.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. चक्रधरस्वामींची वचने म्हाइंभटाने 'लीळाचरित्रा'त प्रसंगांसह टिपली. पुढे केसोबासाने त्यांतली तत्त्ववचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचने सुटी झाली, पाठांतराला सोपी झाली. पण प्रसंग मागे राहिला. ती उणीव भरून काढण्यासाठीच की काय, कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' पंथात निर्माण झाले. 'दृष्टांतपाठा'त तर खुद्द केसोबासानेच स्वामींच्या ११४ दृष्टांतांना आपले दार्ष्टांतिक जोडले आहे. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट कोणालाही ठाऊक असते; ती तेथे कशासाठी सांगितली, हे त्या दार्ष्टांतिकावाचून उमगत नाही.

अशी टीका लोकांपासून दूर राहिली तर काय होते, त्याचे उत्तरही याच पंथाच्या इतिहासात आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी भावे-राजवाड्यांसारख्या संशोधकांच्या खटपटीने ते उजेडात येईपर्यंत बाहेरच्यांना पंथाचे मत ऐकीव गोष्टींवरूनच कळे. मराठीने या पंथाच्या नावावरून 'मानभावी', म्हणजे ढोंगी, हा शब्द केला. न वाचलेल्या ग्रंथांची शिक्षा अनेक पिढ्यांनी भोगली!

नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चमंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन परंपरेचा प्रवाहही त्यात मिळाला. भिन्न मतांची माणसे एका छपराखाली आली की जुने वाक्य पूर्वजांनी का लिहिले, हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. वाद समजला तरच तो मिटला की नुसता झाकला, हे कळते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एखादी जीर्ण पोथी किंवा पिवळी पडलेली प्रश्नोत्तरी हाती लागेल. मूळ ग्रंथ बाजारात मिळतो, म्हणून समासातल्या टिपणांसह तिला रद्दीत घालू नये. मूळ ग्रंथ पुन्हा छापता येईल. त्या समासात बोलणारा माणूस पुन्हा भेटायचा नाही.