क्रॉमवेलचे मरणोत्तर प्राक्तन
ज्याने पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाच्या फर्मानावर सही केली आणि पुढे इंग्लंडची सारी मुखत्यारी आपल्या हाती घेतली, तो ऑलिव्हर क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ रोजी निवर्तला, तेव्हा राजाला शोभेल अशा इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली. परंतु जॉन एव्हलिन या राजनिष्ठ रोजनिशीकाराला तीत शोकाऐवजी आनंदच दिसला. राजसत्ता परतल्यावर, ३० जानेवारी १६६१ या चार्ल्सच्या वधाच्या स्मृतिदिनी, क्रॉमवेलचे प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकविण्यात आले. १८९९ मध्ये पार्लमेंटबाहेर त्याचाच पुतळा उभा राहिला, तोही आयरिश सभासदांच्या विरोधामुळे सरकारी खजिन्यातून नव्हे, खाजगी देणगीतून. मृत सत्ताधीशाविषयी दिला जाणारा कौल बहुधा त्या-त्या काळच्या सत्तेचाच असतो.