संसदेंतील हिशेबनीस

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर सोडते, तों मांजरी बुद्रुकचें लहानसें स्थानक येतें. अशा स्थानकावर जमणारा तिकिटाचा पैसा आणि सरकारचा इतर जमाखर्च हे ब्याण्णव वर्षें निरनिराळ्या अंदाजपत्रकांत मांडले जात. सर विल्यम अ‍ॅक्वर्थ यांच्या समितीनें ही फारकत सुचविली व १९२४ सालीं ती अमलांत आली. ती मिटली २०१६ सालीं. आणि ती मिटवावी असा आग्रह धरला खुद्द रेल्वेमंत्र्यानें. हे गृहस्थ म्हणजे सुरेश प्रभू.

प्रभूंचा जन्म १९५३ सालीं मुंबईंत झाला. ते पेशानें सनदी हिशेबनीस. सारस्वत बँकेचें अध्यक्षपद भूषवून ते १९९६ सालीं शिवसेनेतर्फे राजापुरांतून लोकसभेवर गेले. हा मतदारसंघ बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांचा, म्हणजे वक्तृत्वावर लुब्ध असलेला. तेथें आंकड्यांचा माणूस एकदां नव्हे, चार वेळां निवडून आला, हें नवलच म्हणावयाचें.

२००० सालीं त्यांजकडे वीजखातें आलें. राज्यांचीं वीजमंडळें तोट्यांत बुडालेलीं होतीं. वीज किती दिली आणि पैसा किती आला, याचा मेळ बसेना. नव्या वीज कायद्याचें विधेयक त्यांच्याच कारकीर्दींत संसदेपुढें आलें. परंतु २००३ सालीं त्याचा कायदा झाला तेव्हां प्रभू मंत्रिपदावर नव्हते. पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या आज्ञेवरून त्यांनीं ऑगस्ट २००२ मध्येंच राजीनामा दिला होता. वही तपासणाराला मालकाची मर्जीही तपासावी लागते! पुढें २००९ सालीं मतदारांनींही त्यांना नाकारलें.

नोव्हेंबर २०१४ मध्यें भारतीय जनता पक्षांत येऊन ते रेल्वेमंत्री झाले. रेल्वेचें अंदाजपत्रक म्हणजे नव्या गाड्यांची खैरात, अशी तोंवर रूढी पडली होती. प्रत्येक खासदार आपल्या गांवाचें नांव येतें कीं काय म्हणून कान देऊन बसे. २६ फेब्रुवारी २०१५ रोजीं प्रभूंनीं भाषण केलें आणि त्यांत एकही नवी गाडी जाहीर केली नाहीं. आधींच्या घोषणांतील अपुरीं कामें पुरीं करण्यास पैसा कोठून आणावयाचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठीं आयुर्विमा महामंडळाकडून पांच वर्षांत दीड लाख कोटी रुपये उभारण्याचा करार त्यांनीं केला.

मग त्यांनीं स्वतंत्र अंदाजपत्रकच नको म्हटलें. विलीनीकरणानें रेल्वे सरकारला दरसाल देत असलेला सुमारें ९,७०० कोटींचा लाभांश वांचणार होता. हिशेब चोख होता. परंतु रेल्वेच्या कारभाराचा जाब विचारण्यास संसदेला मिळणारा हक्काचा प्रसंग त्याबरोबर गेला, ही बाजू कोणत्याच रकान्यांत बसत नव्हती.

ऑगस्ट २०१७ मध्यें खतौली येथें उत्कल एक्सप्रेस रुळांवरून घसरून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. प्रभूंनीं नैतिक जबाबदारी स्वीकारली. ३ सप्टेंबर रोजीं खातें बदललें. त्यांच्या जागीं आलेले पीयूष गोयल हेही सनदी हिशेबनीसच. मात्र त्यांना संसदेंत वाचावयास रेल्वेचें वेगळें अंदाजपत्रक उरलेलें नव्हतें.