खोली आपली, किनारा सर्वांचा

गोव्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या आलिशान हॉटेलात दोन-तीन दिवस राहावे, अशी इच्छा मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरची सुटी किंवा परदेशातून आलेल्या भावंडांचे एकत्र येणे, असे निमित्त मिळते आणि आरक्षण केले जाते. समुद्राकडे उघडणारी गॅलरी, शुभ्र चादरी, पोहण्याचा तलाव, सकाळचा भरगच्च नाश्ता हे सारे जाहिरातीत दिसतेच. त्याबरोबर 'खासगी किनारा' असे दोन शब्दही अनेकदा छापलेले असतात. या दोन शब्दांपाशी पर्यटकाने थोडे थांबायला हवे. खोली, बाग, तलाव आणि सेवा यांचे पैसे हॉटेल घेते. समोरची वाळू मात्र विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार त्याला नाही. गोव्यातील किनारी हॉटेलांच्या अर्धशतकाच्या वाटचालीत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

सिकेरीपासून सुरुवात

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तेथे आजच्या अर्थाने किनारी पर्यटन नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट आणि हणजुणे येथे हिप्पी येऊ लागले. त्यांचा मुक्काम गावकऱ्यांच्या घरांत किंवा झावळ्यांच्या झोपड्यांत असे. आलिशान मुक्कामाची सुरुवात झाली ती बारदेश तालुक्यातील सिकेरी येथे. ताज समूहाची धुरा अजित केरकर यांच्याकडे असताना, 1974 मध्ये आग्वाद किल्ल्याच्या पायथ्याशी या समूहाचे फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू झाले.

जागेची निवड विलक्षण होती. मांडवीच्या मुखावर पहारा देण्यासाठी पोर्तुगीजांनी 1612 मध्ये हा किल्ला पूर्ण केला. 'आग्वाद' हे नाव पोर्तुगीज भाषेतील पाण्यासाठीच्या शब्दावरून आले. लांबच्या सफरीवरील जहाजे येथील झऱ्यांचे गोडे पाणी भरून घेत. हॉटेलातून दिसणारा समुद्रात घुसलेला बुरूज आणि मागच्या टेकडीवरील 1864 चे दीपगृह हा सारा इतिहास पाहुण्याच्या नजरेसमोर राहतो. नोव्हेंबर 1983 मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, तेव्हा राष्ट्रप्रमुखांच्या विश्रांतीसाठी आणि अनौपचारिक चर्चेसाठी गोव्याची निवड झाली. इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचर यांच्यासह अनेक नेते या परिसरात आले. जगाच्या पर्यटन नकाशावर गोव्याचे नाव ठळक होण्यास या घटनेने मोठा हातभार लावला.

वायंगिणीचे 'शहर'

किनारी हॉटेल देखणे असावे म्हणजे काय, याचे वेगळे उत्तर 1982 मध्ये दोनापावलाजवळील वायंगिणी किनाऱ्यावर मिळाले. 'सिदाद द गोवा' म्हणजे गोव्याचे शहर. या हॉटेलाचे वास्तुविशारद होते चार्ल्स कोरिया. मूळ गोमंतकीय कुटुंबातील कोरिया यांचा जन्म 1930 मध्ये सिकंदराबादला झाला. नव्या मुंबईच्या नियोजनातील त्यांचा वाटा मराठी वाचकांना ठाऊक आहे. पणजीची कला अकादमी आणि केरळातील कोवळमचे किनारी हॉटेल याही त्यांच्याच वास्तू. 2015 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

वायंगिणीला त्यांनी एकच उंच इमारत उभी करण्याचे टाळले. डोंगरउतारावरून समुद्राकडे उतरत जाणारे जणू एक लहानसे गावच त्यांनी रचले. गल्ली, चौक, कमानी, पायऱ्या, मध्येच उघडे आकाश आणि मग अचानक समोर येणारे पाणी. भिंती गडद रंगांच्या. काही ठिकाणी खऱ्या खिडकीशेजारी रंगवलेली खिडकी आहे आणि आपण फसलो, हे पाहुण्याच्या दुसऱ्या नजरेस उमगते. उष्ण हवेच्या प्रदेशात माणसाला बंद पेटीपेक्षा सावली आणि उघडे आकाश अधिक सुखावते, हा कोरिया यांच्या साऱ्या कामामागील विचार येथे सहज अनुभवता येतो. आता हे हॉटेल ताज समूहाच्या नावाने चालते.

वाटेचा वाद

मात्र याच किनाऱ्याने देशाला एक महत्त्वाचा न्यायनिर्णयही दिला. वायंगिणीच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी परिसरातील लोक पूर्वापार एक वाट वापरत. हॉटेल प्रकल्पासाठी सरकारने जमीन संपादित केली आणि 1983 मध्ये कंपनीशी करार झाला. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे, अशी तरतूद त्या करारात होती. पुढे हॉटेलाचे वाढीव बांधकाम आणि वाट यांवरून वाद उभा राहिला. स्थानिक नागरिक आणि गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. 2000 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने लोकांच्या बाजूने कौल दिला. 20 जानेवारी 2009 रोजी न्या. बी. एन. अग्रवाल आणि न्या. जी. एस. सिंघवी यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने कंपनीची अपिले फेटाळली.

या निकालाचा पाया होता 'सार्वजनिक विश्वस्तते'चे तत्त्व. समुद्रकिनारा, नदी, जंगल ही संपत्ती सरकारच्या ताब्यात असली तरी सरकार तिचे मालक नसून विश्वस्त आहे. त्यामुळे मूठभरांच्या सोयीसाठी सर्वांचा हक्क हिरावून घेता येत नाही, असा या तत्त्वाचा आशय. 1996 मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व भारतीय कायद्यात स्पष्टपणे आणले होते. वायंगिणीच्या निकालाने ते समुद्राच्या वाळूपर्यंत पोहोचले.

कथा तेथे संपली नाही. 2009 मध्येच गोव्यात भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. तिला न्यायालयात आव्हान देण्यात आले. परंतु 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे तेथील बांधकामाच्या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. किनारा सर्वांचा, हे 2009 च्या निकालात मांडलेले तत्त्व मात्र आजही किनारी हक्कांच्या चर्चेत आधारभूत मानले जाते.

नियम काय सांगतात?

किनाऱ्यापासून बांधकाम दूर ठेवण्याचा आग्रह 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पाठवलेल्या पत्रात प्रथम ठळकपणे दिसतो. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे त्यांनी सुचवले होते. 19 फेब्रुवारी 1991 रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे 'सीआरझेड'ची पहिली अधिसूचना निघाली. तिच्यातील हॉटेलविषयक अटी पर्यटकालाही माहीत असाव्यात अशा आहेत.

विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, हॉटेल त्यापलीकडे. इमारतीची उंची 9 मीटरपेक्षा अधिक नाही आणि तळमजल्यावर एकच मजला. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायचे नाही. बागेसाठी वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत. कुंपण घातले तरी त्यामुळे लोकांची किनाऱ्याची वाट अडता कामा नये. शिवाय दोन हॉटेलांमध्ये किमान 20 मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवायची. 2011 आणि 2019 मध्ये नव्या अधिसूचना आल्या. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी 2019 मध्ये 200 मीटरची मर्यादा 50 मीटरवर आणण्यात आली आणि त्यावर टीकाही झाली. दोन हॉटेलांमधील 20 मीटरच्या वाटेची अट मात्र कायम राहिली.

या नियमांमागे केवळ फिरायला येणाऱ्यांची सोय नाही. किनारा हे मच्छीमारांचे कामाचे ठिकाण आहे. रापण ओढण्यासाठी, होड्या वर घेण्यासाठी, जाळी वाळवण्यासाठी त्यांना मोकळी वाळू लागते. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर पसरलेली मर्यादवेल वारा व लाटांपासून मागच्या वस्तीचे रक्षण करतात. समुद्राचे दर्शन अडते म्हणून टेकडी कापली, की काही वर्षांत समुद्र आत येतो आणि मग हॉटेलालाच दगडी बांध घालण्याची वेळ येते.

खोली निवडताना

आलिशान मुक्कामावर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करून घेणे हिताचे ठरते.

समुद्रदर्शन : समुद्रासमोरची खोली, अंशतः समुद्र दिसणारी खोली आणि बागेसमोरची खोली यांच्या दरांत मोठा फरक असतो. अंशतः दर्शन म्हणजे कधी कधी गॅलरीच्या कोपऱ्यातून माडांच्या आडून दिसणारी निळी रेघ. खोलीचा प्रकार आरक्षणाच्या पत्रावर लिहून घ्यावा.

किनाऱ्याचे अंतर : 'बीच रिसॉर्ट' असे नाव असले तरी वाळूपर्यंत किती चालावे लागते, वाटेत पायऱ्या किती, याची चौकशी करावी. सोबत ज्येष्ठ नागरिक असतील तर डोंगरउतारावरील हॉटेलात हा प्रश्न प्रथम विचारावा.

जेवण : हॉटेलांच्या भाषेत 'सीपी' म्हणजे खोली व नाश्ता, 'एमएपी' म्हणजे नाश्ता व एक जेवण आणि 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचे खाणे. दिवसभर बाहेर भटकायचे असेल, तर नाश्त्यापुरती योजना पुरेशी होते.

कर : एका रात्रीचा दर 7,500 रुपयांहून अधिक असल्यास खोलीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. जाहिरातीतील आकडा करासह आहे की करावेगळा, हे पाहावे. नाताळ ते नववर्ष या काळातील सक्तीच्या मेजवानीचा खर्च अनेकदा वेगळा आकारला जातो.

प्रवास : सिकेरीसाठी कोकण रेल्वेचे थिवी आणि दोनापावलासाठी करमळी स्थानक सोयीचे. दक्षिण गोव्यातील हॉटेलांसाठी मडगाव. जानेवारी 2023 पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्याने विमानाने येणाऱ्यांना दाबोळीखेरीज दुसरा पर्याय मिळाला आहे. दक्षिणेकडील किनाऱ्यांना मात्र दाबोळीच जवळचे.

ऋतू आणि समुद्र

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने उत्तम आणि म्हणूनच सर्वांत महाग. पावसाळ्यात हेच दर बरेच खाली येतात. हिरवा डोंगर, गॅलरीपुढे कोसळणारी सर आणि जवळजवळ रिकामे हॉटेल यांची आवड असणाऱ्यांना जून ते सप्टेंबर आदर्श वाटेल. परंतु या काळात समुद्रात उतरणे जिवावर बेतू शकते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असल्याने ताज्या मासळीचे प्रकारही मोजके असतात.

2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नये. लाल व पिवळा असा दुरंगी झेंडा म्हणजे त्या टप्प्यात जीवरक्षकांचे लक्ष आहे. हॉटेलाचा सेवक किनाऱ्यावर उभा असला, तरी तो जीवरक्षक असेलच असे नाही, हे मुलांसोबत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पाहुण्याचे भान

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि गोव्यासारखी हॉटेले आपल्याकडेही व्हावीत, ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. शिरोडा-वेळागर येथील ताज समूहाच्या नियोजित प्रकल्पाच्या जमिनीचा प्रश्न अनेक वर्षे गाजला. हॉटेलामुळे रोजगार येतो, रस्ते सुधारतात, गावच्या मासळीला व भाजीला गिऱ्हाईक मिळते. त्याच वेळी गावाची समुद्राकडची वाट शाबूत राहते की नाही, यावर त्या विकासाची खरी परीक्षा होते.

सकाळी गॅलरीतून दिसणारे रापणकार, वाळूत चेंडू खेळणारी गावातील मुले किंवा माशांची पाटी घेऊन जाणारी बाई या पाहुण्याच्या खासगी दृश्यात घुसलेल्या परक्या व्यक्ती नव्हेत. ती वाळू त्यांचीही आहे. किंबहुना हॉटेल येण्याआधीपासून त्यांची आहे. आरामखुर्चीवरून पाहुण्याने त्यांना हटवण्याची मागणी केली नाही, तर हॉटेलालाही कुंपण पुढे सरकवण्याचे कारण उरत नाही. पैसे मोजून मिळणारी शांतता हॉटेलाच्या फाटकाच्या आत असते. बाहेरचा समुद्र सर्वांना सारखाच आणि विनामूल्य मिळतो.